सहावा फर्मा

खळीचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. सुतळीचं सगळं बालपण त्या वासात गेलं. घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत वडिलांचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता, मागच्या अंगाला स्वयंपाकघर आणि राहण्याची जागा होती, आणि या दोन्हींच्या मधे एक लांबट खोली होती. तिला सगळे नुसतं ‘मधली’ म्हणत. मधलीत बायका काम करत, पुढे पुरुष. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण काळ्या दगडावरची रेघ होती.

सुतळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगानं काटकुळी आणि सदा कशात तरी गुंतलेली, म्हणून थोरल्या भावानं ते ठेवलं, आणि शाळेच्या हजेरीपटावरचं नाव घरात कुणाच्या जिभेवर आलंच नाही. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. सकाळी शाळा, आणि दुपारी जेवण उरकलं की मधलीत, आईच्या आणि आत्याच्या मधल्या बुटक्या स्टुलावर.

मधलीतलं काम असं असे. छापखान्यातून मोठमोठे ताव यायचे. एका तावावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं छापलेली. आई हाडाच्या पट्टीनं तो ताव दाबून तीनदा मोडायची, की झाला एक फर्मा. असे दहा-बारा फर्मे ओळीनं एकावर एक ठेवले की पुस्तकाचा गठ्ठा तयार व्हायचा. मग आत्या तो शिलाईच्या चौकटीवर घेऊन मेणाच्या दोऱ्यानं शिवायची. तिथून पुढचं सगळं पुढच्या खोलीत: कडा कापणं, पाठीला गोलाई देणं, पुठ्ठा, कापड, आणि शेवटी पाठीवर सोनेरी अक्षरं. ती अक्षरं बाबा स्वतः उठवत, श्वास रोखून. पुस्तक हातात घेणारा माणूस आधी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचा. शिलाई कापडाखाली गेलेली असे. बाबा म्हणायचे, “शिलाई दिसली म्हणजे पुस्तक फाटलं समजा.” ते खरंच होतं. पण बाबा ते म्हणाले की आत्या सुईच्या नेढ्यातून दोरा ओवता ओवता किंचित हसायची.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली होती आणि तीन वर्षांनी एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली होती. का आली, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. तिला मधलीत चौकट दाखवली, एवढंच. त्याला आता चोवीस वर्षं झाली होती. तिची बोटं डोळे मिटूनही चुकत नसत, आणि हे बरंच होतं, कारण अलीकडे जवळचं तिला दिसेनासं झालं होतं. चष्म्याचं नाव काढलं की ती म्हणायची, “पुस्तकं शिवायला डोळे कशाला लागतात? वाचायला लागतात.” आणि वाचायची तर मधलीत बंदी होती.

बंदीचं कारण बाबांच्या मते साधं होतं. वाचणाऱ्याचा हात चुकतो. पुढच्या खोलीतसुद्धा कुणी वाचत नसे. फर्मे बरोबर लागले की नाहीत हे पाहायची तिथे वेगळीच खूण होती. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखाना एक काळा ठिपका छापायचा, पुढच्या फर्म्यावर तो थोडा खाली. सगळे ओळीत लागले की ठिपक्यांचा जिना दिसायचा. जिना बरोबर तर पुस्तक बरोबर. थोरला बोट फिरवून जिना बघायचा आणि “चला” म्हणायचा. आत काय छापलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

तावावरची पानं वाचणं तसं सोपंही नसतं. पहिल्याच्या शेजारी सोळावं पान, आणि त्यांच्या डोक्याला डोकं लावून आठवं आणि नववं उलटं निजलेलं. पण सुतळीला ती विद्या येत होती. आत्यानंच दिली होती. आत्या स्वतः अक्षरं शिकली तीही या तावांवरूनच, उलटी आणि सुलटी. दोघी ओठ न हलवता वाचत, आणि बाबांची चाहूल लागली की दोघींचे हात एकदम झपाझप चालत. आईला हे ठाऊक होतं. ती खोकायची.

मागल्या महिन्यात मात्र आईचा खोकला उशिरा आला. सुतळीनं वाचण्याच्या नादात चाळीस ताव तिरके मोडले होते. बाबा ओरडले नाहीत. ते ओरडत नसतच. त्यांनी एक तिरका फर्मा उचलून उजेडात धरला आणि म्हणाले की वरच्या शाळेच्या परीक्षेला बसायचंय ना, मग हे पुन्हा दिसता कामा नये. दिसलं तर परीक्षा विसरायची आणि आत्याच्या शेजारी चौकट घेऊन बसायचं. आत्याचे डोळे गेलेच आहेत, हात कुणीतरी तयार करायलाच हवा.

वरच्या शाळेची परीक्षा सोमवारी होती. वर्षातून एकदाच होई. ती चुकली की चुकली.

आणि त्याच सुमारास ते पुस्तक आलं.

शाळांमधून मुलांना बक्षीस द्यायला म्हणून जुन्या, नावाजलेल्या गोष्टींचा संग्रह कुणी काढला होता. दोन भाग, प्रत्येकी दीडशे प्रती, मंगळवारी पोचवायच्या. आत्यानं पहिले दोन फर्मे तावावरच वाचले, म्हणजे सुतळीकडून कानात वाचून घेतले, आणि आपलं मत सांगून टाकलं: “या पुस्तकातली बाई पहिल्या पानावर हसली की समजायचं, शेवटच्या पानावर पोरं पोरकी होणार.” आई म्हणाली, जुन्या गोष्टी अशाच असायच्या. आत्यानं विचारलं की मग पुरुषांना तेवढी नावं कशी? भाऊसाहेब काय, अण्णासाहेब काय. बाईला नुसतं ‘सून’. आई म्हणाली, घरात तरी कोण नावानं हाक मारतंय. यावर तिघीही हसल्या, आणि पुढच्या खोलीतून बाबांनी खाकरून विचारलं की काय चाललंय.

त्यातली एक गोष्ट सुतळीच्या जिवाला लागली. नदीकाठच्या घरातली एक सून असते. तिला वाचायची आवड, म्हणून सासरचे तिची पुस्तकं चुलीत घालतात. ती भावाला चोरून पत्र लिहिते की मला घेऊन जा. पाचव्या फर्म्याच्या शेवटी, ऐंशीव्या पानावर, भावाचं उत्तर येतं की तुझं घर आता तेच. पत्र मुठीत धरून ती नदीच्या पायरीवर उभी राहते, आणि पान संपतं. सहावा फर्मा मोडला तेव्हा सुतळी शाळेत होती. दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. बुडाली की परतली?

गुरुवारी दुपारी पहिला भाग सगळा शिवून झाला होता, दुसराही निम्मा. आई आत गेली, आत्या मेण आणायला उठली, आणि सुतळीनं एक शिवलेला गठ्ठा मांडीवर ओढून एक्याऐंशीवं पान काढलं.

सून परतली होती. ती बाळाला मांडीवर घेऊन गात होती. सुतळीला इतका आनंद झाला की तिनं न कापलेल्या घड्या फाकवून पुढची पानं अधाशासारखी वाचली. बाळ मोठं होतं, सून त्याला अक्षरं शिकवते, नवरा आधी कुरकुरतो आणि मग स्वतःच पाटी आणून देतो, दारात बसून तिघं टेकडीखालचे दिवे बघतात. सत्त्याण्णवाव्या पानावर लोकांनी तिला नदीतून वर काढलं आणि काठावर ठेवलं.

सुतळीनं मागे जाऊन पुन्हा वाचलं. नदीकाठचं घर टेकडीवर कसं गेलं? मग तिनं दुसऱ्या भागाचा गठ्ठा उघडला. तिथे टेकडीवरची एक सून ऐंशीव्या पानावर पोटुशी होती, एक्याऐंशीव्या पानावर मुठीत पत्र धरून पाण्यात उतरत होती, आणि सत्त्याण्णवाव्या पानावर सुखरूप मुलाची लुडबूड सांभाळत होती.

सहावे फर्मे बदलले होते. यातला त्यात, त्यातला यात. दोन्ही भागांचे पानांचे आकडे तेच, ठिपके तेच, टाईप तोच. छापखान्यानं फर्म्यावर भाग लिहिला नव्हता आणि फळीवर गठ्ठे लावताना थोरल्याकडून अदलाबदल झाली होती. जिना अगदी सुतासारखा सरळ होता.

आत्या मेण घेऊन आली तेव्हा पोरीच्या मांडीवर दोन्ही गठ्ठे उघडे पडलेले.

“आत्या, एक चूक झालीय.”

“तुझी?”

“नाही. पण मी सांगितली तर माझी होईल.”

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मधेच तिला हसू आलं, पण ते हसू धड नव्हतं. ती म्हणाली की बघ, इकडची सून तिकडे नांदायला गेली आणि वाक्यसुद्धा अडखळलं नाही. मग ती दोऱ्याला मेण लावत राहिली. सुतळीच्या मनात तोवर एक विचार येऊन बसला होता, आणि तो तिनं बोलून दाखवला. कुणाला कळणार नाही. थोरल्याला कळलं नाही, बाबांना कळणार नाही. राहू दे असंच. निदान या पुस्तकात ती सोळा पानं जास्त जगते.

“आणि ती टेकडीवरची?” आत्या म्हणाली. “तिनं काय केलं होतं? एवढ्या पुस्तकात एक बाई धड नांदली, तिलाही बुडवायची?”

इकडे आड, तिकडे विहीर. दीडशे मुलं हे पुस्तक बक्षीस म्हणून घरी नेणार होती. आणि सोमवार चार दिवसांवर होता.

“तू तोंड उघडू नकोस,” आत्या उठत म्हणाली. “मी वाचलं म्हणून सांगते. मला कुठली परीक्षा द्यायचीय.”

आत्या दोन्ही गठ्ठे घेऊन पुढच्या खोलीत गेली. चोवीस वर्षांत ती तिथे फक्त झाडायला जात असे. सुतळी दाराआड उभी राहिली. आत्यानं शांतपणे सांगितलं की दादा, दोन्ही भागांत सहावा फर्मा चुकलाय. थोरल्यानं लगेच गठ्ठा घेऊन जिना पाहिला, पानांचे आकडे पाहिले, आणि म्हणाला की सगळं बरोबर आहे, आत्याला गोष्ट आवडली नसेल. कटिंग मशीनवरचा माणूस हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, तुला कसं कळलं? वाचलं म्हणून कळलं, आत्या म्हणाली. आजच नाही, चोवीस वर्षं वाचतेय. जे हाताखालून गेलं ते सगळं.

बाबांनी हे ऐकून घेतलं. त्यांचं बोट सोन्याच्या वर्खानं चमकत होतं, ते त्यांनी फडक्याला पुसलं. मग गठ्ठा आत्याच्या हातात देऊन म्हणाले, “कुठे चुकलंय? वाच.”

आत्यानं ऐंशीवं पान उघडलं. ते तोंडाजवळ आणलं, लांब धरलं, खिडकीकडे केलं. तिचे ओठ हलले, पण अक्षर बाहेर येईना. थोरला म्हणाला, “तिला पान दिसत नाही, आणि म्हणे फर्मा चुकलाय.” आत्यानं मान वर केली नाही.

सुतळी दाराआडून बाहेर आली. पुढे कधी तिनं वर्गात मुलांना धीटपणाबद्दल सांगितलं तेव्हा ही गोष्ट सांगितली नाही, कारण तिला धीट वाटलंच नव्हतं. तिनं आत्याच्या हातातून गठ्ठा घेतला आणि ऐंशीव्या पानाच्या शेवटच्या चार ओळी वाचल्या, नंतर एक्याऐंशीव्याच्या पहिल्या चार. मग दुसरा गठ्ठा. मग दोन्हींची सत्त्याण्णवावी पानं.

थोरला फळीकडे गेला, गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या, आणि कानापर्यंत लाल होऊन परत आला.

बाबांनी सुतळीकडे पाहिलं. “हे तू शिवल्यावर वाचलंस की तावावर?”

खोटं बोलायला वाव होता. पण एवढं वाचून झाल्यावर ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ? “दोन्ही,” ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली आणि चाकू घेऊन पहिल्या गठ्ठ्याची शिलाई स्वतः कापली.

शुक्रवार, शनिवार, रविवार. मधलीत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शिवलेलं सगळं उसवायचं, सहावा फर्मा काढायचा, त्याचा त्याला द्यायचा, पुन्हा शिवायचं. थोरला उसवायला बसला. आई जुळवत होती. आत्या आणि सुतळी दोन चौकटींवर शिवत होत्या. दोघींची बोटं सारखी चालत, पण सुतळीची चार पुस्तकं होत तोवर आत्याची दहा. परीक्षेचं कुणी बोललं नाही. आईनं रविवारी एकदा बाबांना आतल्या खोलीत काहीतरी विचारलं, आणि बाबा म्हणाले की आधी काम. सुतळीनं ते ऐकलं. तिनं दप्तर खुंटीवरून काढून पलंगाखाली सरकवलं, म्हणजे ते डोळ्यांसमोर नको.

आत्यानं तिला एकदाच समजावलं. म्हणाली की माझ्यासारखे हात होतील तुझे, वाईट नसतात हात. पण बोलताना तिनं पोरीकडे बघायचं टाळलं.

सोमवारी उजाडलं तेव्हा पंचावन्न पुस्तकं राहिली होती. सुतळी कुणी सांगायच्या आधीच आपल्या स्टुलावर जाऊन बसली आणि दोरा ओवला. एक पुस्तक झालं. दुसऱ्याचा तिसरा फर्मा चौकटीवर घेतला असेल, तेवढ्यात दारात बाबा उभे दिसले. मधलीत ते कामाला कधी येत नसत. फार तर नजर टाकायला डोकावत, एरवी हाक मारून सांगत. त्यांना दार ठेंगणं पडलं, वाकून यावं लागलं.

“ऊठ,” ते म्हणाले.

सुतळी उठली. तिला वाटलं, टाका चुकला. बाबांनी स्टूल पायानं थोडं मागे सरकवलं आणि त्यावर बसले. गुडघे छातीशी आले. त्यांनी सुई हातात घेतली, उलटी.

“किती वाजता आहे ते?”

“काय, बाबा?”

“परीक्षा.”

आईनं आतून दप्तर आणलं. ते कुठे ठेवलंय हे तिला कसं ठाऊक, हे सुतळीला कधीच कळलं नाही. धावत निघताना तिनं एवढंच ऐकलं की बाबा आत्याला विचारत होते, सुई आतून बाहेर की बाहेरून आत.

परीक्षेचा निकाल महिन्यानं लागला. ती पास झाली, पुढे शिकली, आणि पस्तीस वर्षं तिनं लहान मुलांना वाचायला शिकवलं. आत्या शेवटपर्यंत त्या चौकटीवर बसली. तिच्यासाठी फार काही बदललं नाही, एक चष्मा आला तेवढा, आणि एक बंदी गेली. थोरल्याला बाबांनी लावलेला प्रत्येक पुस्तक वाचायचा नेम आठ दिवस टिकला, तो तिसऱ्या पानावर घोरायला लागायचा. मग ते कामही आत्याकडेच आलं. सुतळीला आज म्हातारपणी कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यातला मोठा दिवस कोणता, तर ती निकालाचा दिवस सांगत नाही. ती त्या सोमवारची दुपार सांगते.

पेपर देऊन ती घरी आली तेव्हा मधलीत बाबा तसेच बसले होते. सदऱ्याच्या बाह्या वर, कपाळावर घाम. त्यांची दोन पुस्तकं शिवून झाली होती आणि त्यातलं एक आत्या उसवत होती. बाबांच्या तर्जनीतून रक्त आलं होतं. ते बोट त्यांनी तोंडात धरलं होतं आणि आत्याच्या हातांकडे बघत होते. कधी नव्हे ते नीट, एखादं यंत्र समजून घ्यावं तसे बघत होते.

“पाठ भरून येते,” ते म्हणाले.

“येते,” आत्या म्हणाली.

“किती वर्षं झाली तुला इथे?”

“चोवीस.”

बाबांनी आणखी काही विचारायला तोंड उघडलं. बहुधा तेच, जे चोवीस वर्षांपूर्वी विचारायचं राहिलं होतं. पण सुतळी आणि आई दोघीही उभ्या होत्या, आणि काही प्रश्न सगळ्यांदेखत विचारता येत नाहीत. आत्यानं भावाचा चेहरा पाहिला असावा. तिनं उसवलेले फर्मे टोकून सरळ केले, पुन्हा त्यांच्या चौकटीवर ठेवले, आणि एखाद्या नव्या पोराला सांगावं तसं सांगितलं:

“पुन्हा कर. या वेळी दोरा एवढा ओढू नकोस. कागद फाटतो.”